हॉर्न तर वाजत होता

मंगलचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत होते. मंगल माझी भावजय. ती रडत नव्हती.

"आक्का, डॉक्टर म्हणाले, आता दिवस मोजायचे," ती म्हणाली. "हे कायच मागत न्हाईत. नुसते दाराकडं बघत असतात."

माझा भाऊ सूरज पंधरा दिवस मिरजेच्या दवाखान्यात होता. लिव्हर संपलं होतं. ते दारूनं संपलं, हे खरं आहे. वय छत्तीस. गेली बारा वर्षं त्यानं आमच्या वस्तीवर पाऊल ठेवलं नव्हतं. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला घराबाहेर काढलं होतं. सूरजमुळं आई गेली असं आबा म्हणत, आणि आबा म्हणत म्हणून सगळी वस्ती म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. कोरेगावहून कराड, कराडहून इस्लामपूर, तिथून आष्टा. आष्ट्यात नवी बॅटरी विकत घेतली आणि रिक्षात पायाशी ठेवून वस्तीवर नेली. पिशवीत व्होल्ट मोजायचा माझा मीटर होता.

आबा सोप्यात बसले होते. बहात्तराव्या वर्षीही पाठ ताठ. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी चोवीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. वस्ती त्यांना अजून हवालदार म्हणते.

"बॅटरी कुणाला?" त्यांनी विचारलं.

"आपल्या गाडीला."

 शेडात ताडपत्रीखाली आमची जुनी पांढरी अँबॅसिडर उभी होती. आई गेली त्या दिवसापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

"सूरजला बघायला चला, आबा. थोडे दिवस राहिलेत."

"ज्यानं आईला मारलं, त्याचं तोंड बघायचं न्हाई मला."

"बॅटरी उतरली म्हणून आई गेली, असं तुम्ही म्हणता. कधी मोजलीत ती?"

"मोजायचं काय त्यात?"

"मी सातवीत होते तेव्हा तुम्हीच शिकवलंत. मोजल्याबिगर बोलायचं न्हाई."

"गाडीला हात लावायचा न्हाई, राजी."

"मग मी एकटी मोजते," मी म्हणाले आणि बॅटरी उचलून शेडाकडं निघाले. ती जड होती. दोनदा खाली ठेवावी लागली.

बारा वर्षांपूर्वी, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला आईच्या छातीत दुखायला लागलं. मी दोन दिवसांसाठी घरी आले होते. आईला गाडीत मागच्या सीटवर निजवून मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. सूरज चालवायला बसला. त्यानं किल्ली फिरवली. बोनेटखाली टक् असा आवाज झाला आणि पुढं काही नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. आबा बाहेर उभे होते. त्यांनी खिडकीतून हात घालून सूरजच्या कानशिलात मारली. आदल्या रात्री सूरज आणि वस्तीवरच्या पोरांनी आटीव दूध पीत तासभर गाडीच्या टेपवर गाणी लावली होती.

"बॅटरी पिऊन टाकलीस, भडव्या!" आबा ओरडले.

ढकलून सुरू करावी, तर शेडापुढं चढ होता. आबा, सूरज आणि मी, तिघांना ती रेटली नाही. हँडल मारायची सोय नव्हती. आधीच्या मालकानं बंपर बदलताना हँडल घालायचं भोक बुजवून टाकलं होतं. एकशेआठ नंबरची गाडी तेव्हा आमच्याकडं सुरू झाली नव्हती. माणसं उसात पांगलेली. त्यांना बोलवायला सूरजनं हॉर्न दाबला, तो दाबूनच धरला. मध्येच तो पुन्हा किल्ली फिरवायचा, चोक ओढायचा, पुन्हा हॉर्न. एकदा ओरडला, "आबा, चोक पोळतोय हाताला!" कुणी लक्ष दिलं नाही. आईचा हात माझ्या हातात होता आणि तो गार घामानं निसटत होता.

शेजारचा आकाराम आला, त्याचा ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत गादी टाकली. आष्ट्याला पोचायला पावणेनऊ झाले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं.

संध्याकाळी सूरजच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला फोड आलेले मी पाहिले. हळद लावली. कशानं भाजलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. दहाव्याला नदीवर, सगळ्या भावकीसमोर, आबा त्याला म्हणाले, "तू हात लावू नको पिंडाला." त्या दुपारी तो सांगलीला निघून गेला.

मी तेव्हाही पदार्थविज्ञान शिकवत होते. हे नमूद करायला हवं.

गाडीत बॅटरीचं एक टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं असतं. इंजिन मात्र रबरावर बसवलेलं असतं, म्हणून इंजिनापासून अंगापर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी लावतात. मेकॅनिक तिला अर्थिंग म्हणतात. इंजिन फिरवणारा सेल्फ जो जबर प्रवाह घेतो, तो सगळा या पट्टीतून बॅटरीकडं परत जातो. ही पट्टी नीट चिकटलेली नसेल, तर बॅटरी कितीही भरलेली असो, सेल्फ फिरत नाही. प्रवाह मग दुसरा रस्ता धरतो. इंजिनाला टेकलेली दुसरी धातूची वस्तू म्हणजे चोकची वायर, ड्रायव्हरपुढच्या चोकच्या मुठीपासून इंजिनापर्यंत गेलेली. ती बारीक असते. ती तापते.

हॉर्नला इंजिनाशी काही देणंघेणं नसतं. त्याला फक्त बॅटरी लागते, आणि बॅटरी उतरलेली असेल तर तो घोगरा होऊन बंद पडतो. आमचा हॉर्न त्या दिवशी पंचवीस मिनिटं वाजत होता.

हे मला सहा वर्षांपूर्वी कळलं. बारावीच्या वर्गात समांतर जोडणी शिकवत होते, फळ्यावर जाड तारेशेजारी बारीक तार काढली आणि खडू थांबला. मुलं वाट बघत बसली. तास संपेपर्यंत सगळं जुळलं होतं. तरी मी ते कुणाला सांगितलं नाही. आबांचं वय झालं, सूरजचं पिणं वाढलंय, आता उकरून काय, असं मी स्वतःला सहा वर्षं समजावत राहिले.

ताडपत्री ओढताना आकाराम आला. त्याचा गोठा शेडाला लागून आहे.

"आवं आक्का, हळू. आमची कोंबडी हितंच अंडी घालतीया. गाडी चालू केलीसा तर तिनं जायचं कुठं?" मग त्यानं बॅटरी पाहिली आणि हसणं आवरलं. "हवालदारांना इचारलंय न्हवं?"

"विचारलंय."

तेवढ्यात आबा शेडाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात गाडीची किल्ली होती. ती बारा वर्षं देव्हाऱ्यामागं खिळ्याला टांगलेली होती. त्यांनी ती मला दिली नाही, पण शेडात आले.

"आधी प्लग काढा," ते आकारामला म्हणाले. "तेल सोडा चारी भोकांत. इंजिन धरलं असंल."

तेल सोडून तासभर थांबलो. मग गाडी गिअरमध्ये टाकून दोघांनी मागंपुढं झुलवली. आधी ती जागची हलेना, मग खाली काहीतरी सुटलं आणि इंजिन वळलं. पेट्रोल केव्हाच उडून गेलं होतं. गाडी सुरू करायची नव्हतीच. सेल्फ फिरतो की नाही, एवढंच बघायचं होतं.

बोनेटखाली सगळं चंदेरी होतं. आई गेली त्या वर्षी खंडेनवमीच्या आधी आबांनी इंजिन आणि आजूबाजूचा पत्रा रंगवला होता. वर्कशॉपमध्ये साहेबाच्या तपासणीआधी जे जे दिसतं ते रंगवायचं, ही त्यांची सवय. अर्थिंगची पट्टीही त्याच रंगात होती. तिच्या बोल्टच्या दोन कडांवरचा रंग मात्र उडाला होता आणि तिथं गंज धरला होता. पान्याच्या खुणा होत्या त्या. रंगवल्यानंतर कुणीतरी तो बोल्ट सोडला होता, हे मी मनात ठेवलं.

बॅटरी जोडली. बारा पॉइंट सहा व्होल्ट.

"आबा, किल्ली फिरवा."

ते आत बसले. टक्. तोच आवाज. आकारामनं तोंड फिरवलं.

"धरून ठेवा," मी म्हणाले आणि बॅटरीची दोन टोकं मोजली. बारा पॉइंट चार. "आबा, बॅटरी भरलेली आहे. सेल्फ मागतोय, तरी ती खाली बसत नाही."

"नवी बॅटरी हाय. नवी भरलेलीच असणार."

"म्हणूनच. नवी असूनही सेल्फ फिरला नाही."

मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या, गाडीच्या अंगाला जोडलेल्या टोकाला लावलं आणि दुसरं इंजिनाला. ही दोन ठिकाणं पट्टीनं जोडलेली आहेत. इथं जवळजवळ शून्य यायला हवं.

"पुन्हा फिरवा."

नऊ पॉइंट आठ.

मी आकडा मोठ्यानं वाचला. सेल्फच्या वाट्याला दोन पॉइंट एक उरत होते आणि अर्धा व्होल्ट वायरींत जात होता. बेरीज जुळत होती. आबा उतरून आले, चष्मा लावला, मीटर हातात घेतला.

"पुन्हा घे."

मी किल्ली फिरवली, त्यांनी मोजलं. नऊ पॉइंट आठ.

"पुन्हा."

तिसऱ्या वेळी ते मीटरकडं बघतच नव्हते. त्यांनी उजवा हात चोकच्या वायरवर ठेवला होता. मी किल्ली सोडली नाही, कारण मला ते दिसलं नव्हतं. रबर जळल्याचा वास आला तेव्हा बाहेर डोकावले.

"हवालदार, हात काढा!" आकाराम ओरडला आणि त्यानं त्यांचं मनगट धरून ओढलं.

तळहातावर आडवी तांबडी रेघ उठली होती. आबा तिच्याकडं बघत राहिले.

मी पट्टीचा बोल्ट सोडला. खाली रंगाचा जाड पापुद्रा होता, त्यावर हिरवट गंज. कानशीनं घासून पत्रा आणि इंजिन दोन्हीकडं उघडं केलं, बोल्ट आवळला. किल्ली फिरवली. इंजिन गरगर फिरलं, प्लगच्या भोकांतून तेल उडालं. कोंबडी केकाटत गोठ्याकडं पळाली.

"आयला," आकाराम हळूच म्हणाला. "म्हणजे सूरज..." आणि तिथंच थांबला.

"मिरजेला जायचं," आबा म्हणाले.

आकारामनं त्याची जीप काढली.  सांगलीत सूरजचं दुकान जिथं होतं त्या रस्त्यानं गेलो. शटर खाली, वर पाटी: ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स. वडिलांचाच धंदा त्यानं धरला होता. आबांनी ती पाटी पहिल्यांदा पाहिली.

सूरजचे डोळे आणि हात पिवळे पडले होते, पोट फुगलेलं. मंगल पायाशी बसली होती, ती उठली आणि डोक्यावर पदर घेतला. सूरजनं आबांना ओळखलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"बसा की," तो म्हणाला.

आबा बसले नाहीत. पलंगाच्या पायाकडचा गज धरून उभे राहिले, साहेबापुढं उभं राहावं तसे.

"अर्थिंग हुतं," ते म्हणाले.

"व्हय."

आबांनी मान वर केली. "तुला ठावं हुतं?"

"दोन-तीन म्हयन्यांनी कळलं. मिस्त्रीकडं कामाला लागलो हुतो. एक फियाट आली तशीच. चोकची वायर लाल झालेली." त्याला दम लागला. तो थांबला, आणि मंगलनं त्याचे ओठ ओल्या कापसानं पुसले. "म्हटलं, आबांचा धंदाच हाय हा. एकदा बोनेट उघडतील, बघतील, आन् बोलावणं धाडतील."

मंगलनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं.

"उघडलं हुतं," आबा म्हणाले.

आवाज इतका खालचा होता की सूरजला तो ऐकू गेला नसेल असं मला वाटलं. पण गेला होता.

"कवा?"

"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. बोल्ट सोडून बघितला. खाली रंग." आबा गजाकडं बघत बोलत होते. "रंगवताना पट्टी काढली हुती. खालचा रंग घासून मग बसवायची. घासायला कानस बघितली, तर तुझ्या आईनं ती पाटावर मांडलेली, हळदकुंकू लावून. पूजेतलं हत्यार दसऱ्यापत्तोर उचलायचं न्हाई. म्हटलं, आता तशीच बसवून वरनं रंगाचा हात मारू, सोनं लुटून आलो की घासू. मग ऱ्हायलं. गाडी मधी कुणी काढलीच न्हाई."

"आन् बघितल्यावर?"

"बोल्ट परत आवळला."

खाटेशेजारच्या बाटलीतून थेंब पडत होते. मी ते मोजू लागले. सवय आहे. एकोणतीस झाल्यावर सूरज बोलला.

"आबा, मला सांगून काय उपेग? मला ठावंच हुतं. वस्तीत सांगा. माझा शिवतेज आठ वर्साचा हाय. पुढं-मागं त्यो वस्तीवर जाईल. कुणी म्हणाय नको, आज्जीला मारणाऱ्याचं पोरगं." तो भिंतीकडं वळायचा प्रयत्न करू लागला. मंगलनं त्याला वळवलं. "जावा आता. दमलो."

मी काही सांगायला पुढं झाले होते. सहा वर्षांचं माझं. त्याची पाठ बघून परत मागं आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातनंतर मी चुलीपाशी होते तेव्हा हॉर्न सुरू झाला. कढईवरचा हात तसाच राहिला. थांबत नव्हता. मी शेडाकडं धावले. आबा ड्रायव्हरच्या जागी बसले होते आणि पट्टी बांधलेल्या हातानं हॉर्न दाबून धरला होता.

माणसं आली. उसातून आली, गोठ्यातून आली. बायका धुण्याच्या ओल्या हातांनी आल्या. शेडापुढच्या चढावर पंचवीस-तीस जण जमले तरी आबांनी हात काढला नाही. कुणीतरी कानांवर हात ठेवले. मग त्यांनी बंद केलं आणि खाली उतरले.

"आकाराम," ते म्हणाले, "त्या दिवशी असाच वाजत हुता का?"

आकारामनं मान खाली घातली. "व्हय, हवालदार. असाच. माळापत्तोर ऐकू येत हुता."

"मग बॅटरी उतरली न्हवती. उतरल्या बॅटरीवर असा वाजत न्हाई." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "माझ्या पोरानं काय केलं न्हवतं. गाडी माझ्या हातानं बिघडली. रंगवताना मी चुकलो. आन् ते मला तेराव्यापासून ठावं हाय."

 अंबूबाई पुढं आली. ती आबांची चुलत बहीण, आईची सखी, आता कमरेत वाकलेली.

"आन् बारा वर्सं गप बसलास व्हय रं, नाथा?"

"व्हय."

"ते पोरगं मराय टेकल्यावर सांगतोस?"

आबांनी यावरही "व्हय" म्हटलं. अंबूबाई त्यांच्याकडं बघत राहिली, मग पायाशी थुंकली आणि घराकडं वळली. तिच्या मागोमाग बाकीचे गेले. आकारामही गेला.

मी मंगलला फोन करून सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. ती म्हणाली, "आत्ता झोपलेत. उठल्यावर सांगते."

सूरज त्यानंतर चार दिवस जगला, त्यातले तीन शुद्धीवर नव्हता. आबा रोज आकारामच्या जीपनं जात आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहात. आत त्यांना कुणी बोलावलं नाही आणि ते आपणहून गेले नाहीत.

पिंडाला शिवतेजनं हात लावला. आबा नदीच्या पायऱ्यांवर लांब उभे होते. त्यांना कुणी जवळ या म्हणालं नाही.

हॉर्न वाजला त्या सकाळी सूरज झोपेतून उठल्यावर मंगलनं त्याला सांगितलं का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.